गोधडी शिकायची, शिवायची आणि देऊन टाकायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बैठकीत नव्याने येणाऱ्या बायका (आणि आता दोन-तीन पुरुषही) जे विचारतात, ते इथे एका जागी मांडलंय. स्वतःच्या घरासाठी शिवणार असाल तर कुठूनही वाचा. दुसऱ्याला द्यायला शिवणार असाल, तर टाक्यांच्या आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

मला जेमतेम बटण लावता येतं. गोधडी जमेल का?

जमेल. गोधडीला टाका एकच लागतो, धावदोरा. सुई वरून खाली, खालून वर. नवशिक्यांची अडचण टाक्यात नसते, सगळे थर पकडण्यात असते. वरचा थर सुंदर शिवून होतो आणि उलटून पाहिलं तर अस्तराला सुई लागलेलीच नसते. म्हणून दुसरा हात कायम गोधडीच्या खाली ठेवायचा. सुईचं टोक खालच्या बोटाला टोचल्यासारखं झालं की सुई वर वळवायची. बोटाला अंगुस्ताना घाला, नाहीतर पहिल्या आठवड्यातच नाद सोडाल. सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरून मग दोरा ओढला, की ओळ आपोआप सरळ जाते. एकेक टाका ओढत बसलात तर ओळही वाकडी आणि खांदाही दुखतो.

वरून दिसणारा टाका गव्हाच्या दाण्याएवढा असला तरी पुष्कळ झालं. पहिली ओळ वाकडी जाणारच. ती उसवू नका. धुतल्यावर कापड आक्रसतं, सुरकुत्या पडतात आणि कुठली ओळ वाकडी होती हे तुमचं तुम्हालाही सापडत नाही.

सुरुवात मात्र डबलबेडच्या गोधडीने करू नका. दोन फुटी आसन करा, मग दुपटं, मग मोठी.

कोणाला द्यायची हे आधी ठरवायलाच हवं का? शिवून झाल्यावर बघता येणार नाही?

येईल की. पण मग ती बहुधा कुठल्यातरी कपाटात जाऊन पडेल. देण्याची गोधडी शिवताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो. ती कोण धुणार आणि कुठे वाळणार, हा असतो.

वृद्धाश्रमाचं घ्या. तिथे चादरी-पांघरुणं एकत्र, मशीनमध्ये, गरम पाण्यात धुतली जातात. सहा थरांची जाडजूड वाकळ तिथे पाठवली तर ती पहिल्याच पावसाळ्यात कुबट होते आणि अडगळीत जाते. तिथे तीन थरांच्या हलक्या गोधड्या द्या, एक बाजू गडद रंगाची ठेवा आणि झालर-गोंडे काही लावू नका. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी मांडीवर घ्यायची तीन फूट बाय चार फूट गोधडी फार उपयोगी पडते. तिची लांबी जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर चाकात अडकते.

परळला टाटा रुग्णालयाबाहेर बाहेरगावचे पेशंट आणि त्यांची माणसं फुटपाथवर मुक्काम करतात. त्यांना हवं असतं ते अंथरायलाही आणि पांघरायलाही चालणारं, सकाळी घडी करून पिशवीत बसणारं, मळखाऊ रंगाचं. तिथे फिकट रंगाची नाजूक कलाकुसर नेऊन देऊ नये.

ऊसतोड कामगारांचं गणित याच्या बरोबर उलट. बीड-नगरकडची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उसाच्या पट्ट्यात चार-पाच महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. डिसेंबरातली थंडी, खाली ओलसर जमीन, शेजारी चूल. त्यांना जाड गोधडी हवी, चार-पाच थरांची, आणि पूर्ण सुती. नायलॉन-पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं. सातपुड्यात तोरणमाळ-धडगावकडे, मेळघाटात चिखलदऱ्याकडे द्यायची असेल तरी हाच हिशेब.

तेव्हा आधी फोन करा किंवा समक्ष जा आणि विचारा : काय मापाची, किती, धुता कशी. बऱ्याच संस्था संकोचाने 'काहीही द्या' म्हणतात. त्यावर थांबू नका. धुणं-भांडी सांभाळणाऱ्या मावशींना विचारा, खरं उत्तर त्यांच्याकडे असतं.

कापड कोणतं घ्यायचं?

वापरून मऊ झालेलं सुती. जुनी इरकल, साधी नऊवारी, कॉटनच्या साड्या, धोतरं, मलमल. रेशमी साडी दिसते छान, पण धुण्याला टिकत नाही आणि सुई सुरकन निसटते. खणाचं कापड ठिगळांना आणि गोटाला (कडेच्या पट्टीला) शोभतं.

सुती आहे की नाही याची खात्री नसेल, तर कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा वास येऊन जळतो आणि राख भुरभुरीत होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो.

साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. निऱ्यांच्या खालचा काठ आणि कमरेजवळचा भाग आधी जातो, पदर आणि आतला भाग बहुतेक धड असतो. साडी उजेडासमोर धरा, विरलेले भाग लगेच दिसतात. मग दोन्ही हातांनी ताणा. टरकलं तर ते कापड मधल्या थरात, टिकलं तर वर. नवं कापड वापरणार असाल तर कापण्याआधी एकदा धुवून घ्याच. धुतलेल्या जुन्या साडीवर न धुतलेलं नवं कापड शिवलं की पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा नाही, आणि गोधडी फुगे आल्यासारखी दिसते.

रंग जातो का ते बघायला पांढरा ओला फडका चोळून पाहा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने आजच्या रंगांना काही फरक पडत नाही. आजी सांगायची ते तिच्या काळच्या रंगांसाठी.

एका गोधडीला साड्या किती?

सिंगल गोधडी साधारण पाच फूट बाय सात फूट, म्हणजे १.५ मीटर बाय २.१ मीटर धरा. सहावारी साडी सुमारे ५.५ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असते. तिचे दीड-दीड मीटरचे तीन तुकडे पाडा. असे दोन तुकडे काठाला काठ जोडले की बरोबर एक थर होतो. म्हणजे एका साडीत दीड थर, दोन साड्यांत तीन थर, आणि प्रत्येक साडीतला मीटरभर तुकडा ठिगळांना, गोटाला उरतो. तीन थरांच्या गोधडीचं वजन किलोच्या आसपास राहतं.

नऊवारी असेल तर आणखी सोपं. सुमारे आठ मीटरचं लुगडं चार पदरी दुमडलं की दोन मीटर लांबीची, चांगली अडीच हात रुंदीची चौघडी तयार. कापायचं काम नाही, नुसती शिवायची. एका माणसाला, त्यातही मुलाला, ती पुरते.

काठाचे जोड प्रत्येक थरात एकावर एक येऊ देऊ नका. मधल्या थराचा जोड चार बोटं सरकवा, नाहीतर गोधडीच्या मधोमध दोरखंडासारखा कणा उठतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला रुततो.

थर सरकतात, मधे चुण्या पडतात. काय करायचं?

घाई होतेय. गोधडीचं निम्मं यश शिवण्यापूर्वी ठरतं. गावाकडे हे काम उन्हाळ्यात, अंगणात किंवा माळवदावर चालतं, कारण पसरायला जागा लागते. शहरात हॉलमधलं सामान भिंतीला लावा आणि फरशीवर पसरा. सगळ्या साड्या आधी इस्त्री केलेल्या हव्यात. अस्तर उलटं टाका, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा (वरवंटा उत्तम), त्यावर मधले थर, शेवटी वरचं कापड. प्रत्येक थर टाकल्यावर तळहाताने मधून बाहेरच्या बाजूला सारत न्या. दोघीजणी समोरासमोर बसल्या तर अर्ध्या वेळात होतं.

मग कच्चे टाके, म्हणजे थर धरून ठेवणारे, नंतर काढून टाकायचे टाके. मोठ्या सुईने, वेगळ्या रंगाच्या स्वस्त दोऱ्याने, दर वीतभर अंतरावर उभे आणि आडवे. हेही मधूनच सुरू करून कडेला जायचं, म्हणजे उरलेला सैलपणा बाहेर निघतो. हे कंटाळवाणं काम आहे, तासभर खातं, आणि नव्या मुली हमखास टाळतात. टाळू नका. पिनांवर भागवलं तर चालेल, पण देताना एकही पीन आत राहिलेली नाही हे मोजून बघा. पिना किती लावल्या ते आधी लिहून ठेवा.

दोरा कोणता आणि किती लागतो?

शिवणयंत्राचा रिळाचा दोरा हाताच्या गोधडीला बारीक पडतो, कापड कापतो आणि तुटतो. जाड सुती दोरा घ्या. भरतकामाच्या लड्या वापरत असाल तर एक लडी ८ मीटरची, सहा पदरी असते. तीन-तीन पदर वेगळे केले की १६ मीटर मिळतात.

हिशेब असा : पाच फूट रुंदीत दीड-दीड इंचावर ओळी घातल्या तर ४० ओळी होतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे २८० फूट, साधारण ८५ मीटर. टाक्यांची खाली-वर जाणारी लांबी, गाठी आणि वाया जाणारी टोकं धरून ११० मीटर तरी जवळ ठेवा. तीन पदरी लड्या सात लागतील. एकाच रंगाच्या सातही एकदम घ्या, पुढच्या खेपेला तोच रंग दुकानात मिळेलच असं नाही.

दोरा हातभरच ओवा. लांब ओवला तर गुंता होतो आणि कापडातून सारखा घासून विरतो.

गाठी दिसतात त्या कशा लपवायच्या?

दोऱ्याच्या टोकाला लहान गाठ मारा. जिथून ओळ सुरू करायची त्याच्या इंचभर आधी सुई फक्त वरच्या थरात घाला आणि सुरुवातीच्या जागी बाहेर काढा. दोऱ्याला हलका झटका द्या. 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि गाठ कापडाखाली जाते. संपवताना दोन टाके एकावर एक घेऊन सुई थरांमधून दोन इंच लांब नेऊन बाहेर काढा आणि तिथे दोरा कापा.

साधी गोधडी येते. आता नवीन काय शिकू?

आपल्या शेजारचंच शिका. जपानची साशिको (तिकडचं धावदोऱ्याचं भरतकाम) नंतर बघू.

मला विचाराल तर पहिली सिद्दींची कवंदी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आलेल्यांपैकी बरेचजण पळून घाट चढले आणि त्या रानात वसले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात, तिची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपण आधी वरचं कापड पूर्ण जोडतो, मग थर लावून शिवतो. त्या अस्तर पसरून थेट कोपऱ्यापासून ठिगळं लावायला आणि शिवायला एकदमच सुरुवात करतात. पहिलं ठिगळ कडेला दुमडून धावदोऱ्याने पक्कं करायचं, पुढच्या ठिगळाची कड दुमडून आधीच्यावर चढवायची, आणि असं कडेकडेने चौफेर फिरत मधे यायचं. शेवटचं ठिगळ मधोमध बसतं. सगळं शिवून झाल्यावर चारी कोपऱ्यांना कापड तिकोनी दुमडून केलेली 'फुला' लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांच्या लेखी उघडीच.

घरी शिकायची असेल तर दीड फुटाचं अस्तर घ्या. कड एक बोट आत दुमडा. कोपऱ्यात वीतभर ठिगळ ठेवा, त्याच्या दोन्ही बाहेरच्या कडा दुमडून अस्तराच्या दुमडीला भिडवा आणि कडेपासून किंचित आत पहिली ओळ घाला. पुढचं ठिगळ अर्धा इंच वर चढलं पाहिजे. ओळ तुटू न देता ठिगळामागून ठिगळ लावत वळत जायचं. कोपरा आला की टाका कोपऱ्यावरच पडेल अशा बेताने एक टाका लहान-मोठा करा. मोजपट्टी लागत नाही, आराखडा लागत नाही, गोट वेगळा लावावा लागत नाही. वेड्यावाकड्या चिंध्यांचं इतकं शिस्तशीर काहीतरी होताना पाहून माणूस चकित होतो. लहान दुपट्याला आणि आसनाला ही रीत आमच्याकडे सगळ्यांत आवडती झाली आहे. फक्त मधल्या भागात पोचेपर्यंत अस्तर गोळा होऊ देऊ नका, दर दोन फेऱ्यांनी फरशीवर पसरून हाताने सारखं करा.

दुसरा बंगालचा कांथा. टाका आपलाच, पण दाट. चित्राची रेघ भरून झाली की उरलेल्या पांढऱ्या जागेतही चित्राला वळसे घालत बारीक धावदोरा घालतात, त्याने कापडावर लहरी उठतात. पूर्वी दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातूनच सोडवून काढत. कांथा जमायला वेळ लागतो, आणि देण्याच्या गोधडीला संपूर्ण कांथा भरत बसण्यात अर्थ नाही. एखाद्या कोपऱ्यात मासा किंवा कैरी भरा, हौस भागते.

बिहारची सुजनी याच घराण्यातली. नवजात बाळासाठी जुनी साडी-धोतर एकावर एक ठेवून शिवायची. मुझफ्फरपूरकडच्या भुसुरा गावातल्या बायकांनी तिच्यावर हुंडा, मुलींचं शिक्षण असे विषय साखळी-टाक्यात काढले. सुजनीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि साशिको शिकायचीच असेल तर एक नियम लक्षात ठेवा : रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे वरून मोकळी जागा सोडतात, दोरे एकमेकांवर चढू देत नाहीत. वळणावर मागच्या बाजूला दोरा जरा सैल ठेवतात. गडद निळ्या कापडावर पांढरा दोरा. खादीच्या निळ्या कापडावर सुरेख होते.

त्रिकोणांची नक्षी करायला जाते तेव्हा टोकं जुळत नाहीत.

त्रिकोण कापून जोडू नका. तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं, तिथेच घोळ होतो. दोन वेगळ्या रंगांचे ५ इंची चौकोन सुलट बाजू आतल्या बाजूला ठेवून एकावर एक ठेवा. खडूने कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवण घाला आणि मग रेघेवर कापा. उलगडलं की दोन-रंगी दोन चौकोन मिळतात. ते चारी बाजूंनी साडेचार इंचाला काटेकोर कापून घ्या. जोडल्यावर ४ इंच दिसतील. जोडताना शिवणींची दुमड एकीची डावीकडे, दुसरीची उजवीकडे दाबा, त्या एकमेकींत अडकतात आणि टोक टोकाला बसतं.

मशीनवर शिवलेली गोधडी 'खरी' नाही ना?

हा वाद आमच्याकडे दर वर्षी होतो. माझं मत स्पष्ट आहे : घरच्या बाळाला हाताची, संस्थेला मशीनची. मशीनची शिवण धुलाई-यंत्राला जास्त दिवस तोंड देते आणि तुम्ही एकीऐवजी पाच देऊ शकता. १६ नंबरची सुई, टाक्याची लांबी तीनच्या वर, आणि मिळाला तर थर एकत्र ओढणारा वॉकिंग फूट. गोधडी दोन्ही बाजूंनी सुरळी करून मशीनखाली घाला, म्हणजे वजन ओढत नाही. चार सुती थरांपुढे घरगुती मशीनवर जबरदस्ती करू नका.

व्हिडिओ बघून शिकता येतं का?

ठिगळकाम, मोजमाप, गोट लावणं येतं. दोरा किती ओढायचा हे येत नाही. त्यासाठी वाकळ शिवणाऱ्या एखाद्या आजींच्या शेजारी बसा, आणि त्यांना 'किती इंचावर' असं विचारू नका. त्या बोटांनी मोजतात.

बाळासाठी दुपटं शिवून द्यायचंय. काय काळजी घ्यायची?

माप मीटरभर चौकोनी, तीन थर पुरे. जुनं, मऊ, फिकट कापड. बऱ्याच घरांत बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत, त्यामागे मऊपणाचा विचार आहेच. आरसे, मणी, टिकल्या, बटणं, गोंडे, सैल रिबिनी काहीही नको. तोंडात जाणारं सगळं सुटून येतं. लांब सैल टाकेही नकोत, इवलीशी बोटं अडकतात.

एक गोष्ट देताना सांगायलाच हवी. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालू नये, ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. दुपटं मांडीवर घ्यायला, मालिश करताना खाली घालायला, जागेपणी पालथं पडून खेळायला. आजीबाईंना हे पटवणं जड जातं, पण सांगा.

दुसरी गोष्ट डांबरगोळ्यांची. बाळाचं दुपटं डांबरगोळ्यांत ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची म्हणजे एन्झाइमची कमतरता असते (डॉक्टर त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात), त्यांना या गोळ्यांच्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ऊन दाखवा, कडुलिंबाचा वाळला पाला कापडात बांधून ठेवा.

हळदीचे डाग पडणारच. साबणाने आधी लाल होतात, घाबरू नका. ओलं दुपटं कडक उन्हात टाकलं की उडतात.

जुन्या साड्यांची गोधडी परक्याला देणं बरं दिसतं का?

घरात आजीच्या लुगड्याची गोधडी म्हणजे माया. तीच अनोळखी माणसाच्या हातात 'कोणाचे तरी जुने कपडे' होऊ शकते. फरक पडतो तो निगुतीने. गरम पाण्यात धुतलेलं, इस्त्री केलेलं, वरचा थर धड आणि शक्यतो नव्या कापडाचा, कडांना नीट गोट. तुमच्या घरी पाहुणा आला तर त्याला ती पांघरायला द्याल का, एवढंच स्वतःला विचारा. काही रुग्णालयं संसर्गाच्या भीतीने जुनं कापड घेतच नाहीत, तिथे हट्ट करू नका.

विरलेल्या कपड्यांच्या चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन हिंडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज कॅन्सरचे पेशंट उतरतात. हे मी जुन्या कापडाच्या बाजूने वाद घालताना हमखास सांगते. शिवायला वेळच नसेल तर साड्या 'गूंज'सारख्या संस्थेला द्या. १९९९ पासून काम करणारी ही संस्था जुन्या कापडाच्या सुजन्या शिवून घेते.

आई गेली. तिच्या साड्यांची गोधडी करून भावंडांना द्यायची आहे.

घाई नको. कात्री लावण्याआधी सगळ्या भावंडांना आणि वहिनींना साड्या दाखवा. कोणाला कुठली अख्खी हवी असेल ती आधी बाजूला काढा. मग उरलेल्या प्रत्येक साडीचे जितकी भावंडं तितके वाटे करा, पदराचेसुद्धा, म्हणजे प्रत्येकाच्या गोधडीत प्रत्येक साडी येते. रेशमी असेल तर तिला मागून पातळ मलमल लावून लहान ठिगळ म्हणून वापरा. न धुता शिवा असं काहीजणी सांगतात, वास राहावा म्हणून. तसं करू नका, तेलकट कापडाला कसर लागते. एखादा रुमाल तसाच डब्यात ठेवा.

आम्ही अमेरिकेत आहोत. इथे जुन्या साड्या कुठून आणायच्या?

दिवाळीला मराठी मंडळात शब्द टाका, इतक्या येतील की ठेवायला जागा पुरणार नाही. पण तिथल्या रुग्णालयांना द्यायचं असेल तर नियम आधी वाचा. १९९५ पासून आजारी आणि अडचणीतल्या मुलांना पांघरुणं देणारी प्रोजेक्ट लायनस ही संस्था हाताने केलेली, पण नवी आणि धुता येणारीच घेते. तेव्हा तिथे नवं सुती कापड, मधे बाजारात मिळणारी सुती बॅटिंग (मधल्या थरात घालायचा कापसाचा जाड पापुद्रा), आणि टाका आपला. बॅटिंग जाड असल्याने एकच थर घाला.

धुवायची कशी?

ओली गोधडी दुपटीहून जड होते. एका दांडीवर टाकली तर टाके ताणले जातात. दोन दांड्यांवर पसरून टाका. पिळू नका, दाबून पाणी काढा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर जाड गोधडी धुण्याच्या भानगडीत पडू नका.

गोधडीवर आपलं नाव घालावं का?

घरच्या माणसासाठी असेल तर नाव, साल, कोणाच्या साड्या ते सगळं टाक्यांत घाला. परक्याला देताना नाव नको. त्याऐवजी कोपऱ्यात सुती पट्टी शिवा आणि तिच्यावर पक्क्या शाईने लिहा : सुती, तीन थर, मशीनमध्ये चालेल. घेणाऱ्याला हेच लागतं. देताना फोटो काढण्याचा आग्रह धरू नका.

ओळखीचे लोक म्हणतात, आम्हालाही एक फुकट शिवून दे. काय सांगू?

ज्यांना परवडतं त्यांना गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या बाईचा नंबर द्या, आणि तिने सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका असंही सांगा. हाताची सिंगल गोधडी म्हणजे रोज दोन तास बसलं तर तीन-चार आठवड्यांचं काम. आपण हौसेने फुकट वाटत सुटलो तर मार तिच्या मजुरीवर बसतो.

दिलेली गोधडी फाटून परत आली. नवी द्यावी का?

परत आली म्हणजे वापरली, हे चांगलंच. नवी देऊ नका, हीच नीट करा. आधी कुठे फाटली ते बघा. बहुतेक वेळा हनुवटीकडची कड आणि पायाकडचा कोपरा जातो. तेवढ्यावर रुंद पट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून लावा. सगळा वरचा थरच विरला असेल तर तो काढू नका. त्यावर एक नवी साडी पसरा, कच्चे टाके घाला आणि जुन्या ओळींच्या मधल्या जागांतून नव्या ओळी घाला. जुनी गोधडी आता मधला थर झाली. गावाकडच्या वाकळी अशाच वीस-पंचवीस वर्षं चालतात. दोन वेळा असं झाल्यावर मात्र सुई आत जाईना होते. मग तिचे चार तुकडे करून बसायची आसनं करा.